दोन दारांचं घर

मित्रांनो, अमेरिकेत इलिनॉयमधलं नेपरव्हिल मागे टाकून नदीच्या कडेकडेने पश्चिमेला निघालात, की एका लहान गावाच्या चौकात काळ्या लाकडांची आणि पांढऱ्या भिंतींची एक इमारत लागते. तिचा वरचा मजला खालच्या मजल्याच्या पुढे आलेला आहे. छप्पर मधोमध थोडं बसलेलं आहे, आणि खांब एकही सरळ म्हणावा असा नाही. शेजारी बँक आहे, दातांचा दवाखाना आहे, गाड्यांचं शोरूम आहे, सगळं कसं ओळंब्यात. कॉलेजच्या वर्गात एखाद्या आजीबाई येऊन बसाव्यात तशी मी त्यांच्यात दिसते. मी एक जुनी इमारत आहे. जन्माने इंग्लिश आणि आता कितीतरी वर्षं अमेरिकेची रहिवासी. माझं नाव 'हेरन', म्हणजे बगळा. ज्यांना वाचता येत नसे त्यांनाही मी सापडावी म्हणून माझ्या दारावर बगळ्याच्या चित्राची पाटी टांगलेली असे.

माझा जन्म चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बाजारगावात झाला. सुतारांनी हिवाळ्यात ओकची झाडं तोडली आणि लाकूड ओलं असतानाच कामाला घेतलं. तुम्ही म्हणाल, ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, पीळ खातं, मग ते कशाला घ्यायचं? पण त्यांना तेच हवं होतं. ओलं ओक तासायला मऊ असतं. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची, दोन्हींतून आरपार भोक पाडायचं, त्यात वाळलेल्या ओकची खुंटी ठोकायची आणि उरलेलं काम काळावर सोपवायचं. लाकूड वाळत गेलं तसतसे माझे सांधे आवळत गेले. माझ्या सांगाड्यात लोखंडाचा एकही खिळा नाही. मी वाकडी दिसते ती खिळखिळी झाले म्हणून नव्हे, घट्ट झाले म्हणून.

माझा सांगाडा आधी सुतारांच्या आवारात जमिनीवर आडवा जुळवला होता. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर त्यांनी छिन्नीने सारखीच खूण कोरली, कुठे उभ्या रेघा, कुठे फुली, कुठे फुलीला जोडलेली रेघ. मग सगळं सुटं करून गाड्यांवर घातलं, बाजारपेठेत आणलं आणि खुणेला खूण लावत उभं केलं. खांबांच्या मधल्या जागा भरायला हेझल नावाच्या झुडपाच्या लवचीक काटक्या विणल्या आणि त्यांवर माती, शेण आणि पेंढा यांचा लेप दिला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते याला कुडाची भिंत म्हणतील. वर चुन्याचा हात फिरवला, आणि मी पांढरी झाले.

वरचा मजला पुढे का काढला, हे मला सगळेच विचारतात. त्याने वर खोल्या मोठ्या मिळतात आणि खालच्या भिंतीवर पाऊस येत नाही. शिवाय रस्त्यावरच्या माणसाला घटकाभर उभं राहायला आडोसा मिळतो. भाजीवाल्या बायका, भिजलेली कुत्री, भांडून घराबाहेर पडलेले नवरे, असे किती जण माझ्या त्या आडोशाला उभे राहिले असतील. कुणाला मी हटकलं नाही.

खाली तेव्हा पबची एकच मोठी खोली होती. एका टोकाला विटांची एवढी मोठी शेकोटी होती, की तिच्या पोटातच दोन बाजूंना बसायचे कट्टे होते. खोलीच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड तुळई गेली होती. तिच्या दोन्ही कडा सुतारांनी तिरक्या तासल्या होत्या आणि त्या रेषेच्या शेवटाला एक नाजूक वळण दिलं होतं. तुळईखाली गाडीवान, लोकरीचे व्यापारी, मेंढपाळ आणि कधी एखादा पाद्री बिअरचे पेले घेऊन एकाच शेकोटीला पाय शेकत बसत.

पुढे काळ बदलला. रेल्वे आली, कारखाने आले, आणि साहेब लोकांना मजुरांच्या शेजारी बसणं आवडेनासं झालं. मग माझ्या मालकाने खोलीच्या मधोमध एक पार्टिशन उभं केलं. मित्रांनो, काय काम होतं ते! खाली महोगनीच्या लाकडाच्या कोरीव फळ्या आणि वर काच. काचेवर आम्लाने वेली, द्राक्षांचे घोस आणि उडणारे बगळे कोरलेले. काच अशी, की पलीकडचा उजेड अलीकडे येई पण पलीकडचा माणूस ओळखू येत नसे. रस्त्यावर एका दाराची दोन दारं झाली. उजव्या दाराने साहेब लोक आत येत, त्यांच्या पायाखाली गालिचा असे. डाव्या दाराने मजूर येत, त्यांच्या पायाखाली लाकडाचा भुसा. मधल्या काउंटरला दोन्हीकडे खिडक्या होत्या. एकाच पिंपातली बिअर दोन बाजूंना जाई. संध्याकाळी दिवे लागले की त्या काचेतले बगळे उडू लागल्यासारखे वाटत. लोक लांबून ती काच बघायला येत आणि मला धन्यता वाटे.

मग एक दिवस इलिनॉयच्या एका श्रीमंत धान्य-व्यापाऱ्याने मला पाहिलं आणि त्याला मी घरी न्यावीशी वाटले. आठवण म्हणून लोक कप नेतात, चमचे नेतात. त्याने मला नेलं. त्या जुन्या खुणा पुन्हा कामाला आल्या. माझे सांधे सोडवले, लाकडं पेट्यांत भरली, पार्टिशन गवतात गुंडाळलं, आणि जहाजातून, मग रेल्वेतून मी या नदीकाठी आले. इथल्या सुतारांना माझी भाषा येत नव्हती, पण रेघेला रेघ आणि फुलीला फुली लावायला भाषा कशाला लागते? मी पुन्हा उभी राहिले.

गंमत अशी, की मी आले तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. त्यामुळे इथे माझ्या काउंटरवरून आधी सूप आणि चहा गेला. बंदी उठल्यावर बिअर आली, नाताळची गाणी आली, लग्नं लागली, कितीतरी फोटो निघाले. थंडीत बर्फ माझ्या छपरावर साचे आणि आत शेकोटी पेटे, तेव्हा येणारा प्रत्येक जण दारातच थांबून वर पाहत असे. ते वर पाहणं मला फार आवडे. पुढे हायवे झाला, माणसं गाव टाळून जाऊ लागली. कुणीतरी माझ्या तुळईखाली थर्माकोलसारख्या पांढऱ्या फळ्यांचं खोटं छत मारलं. नंतर जी साथ आली तिच्यात मी बंद झाले ती झालेच. खिडक्यांना प्लायवुड लागलं. माझ्या आडोशाला आता फक्त बसची वाट पाहणारी माणसं उभी राहत आणि तीही फोनमध्ये पाहत.

मालकाने ठरवलं, की गिऱ्हाईक मिळालं नाही तर मला पाडून तिथे पार्किंग करायचं. मला पाडायला कुणाची हरकत नव्हती. मी मूळची इथली नाही, म्हणून इथल्या वारशात माझी गणती नव्हती. आणि इंग्लंडला मी कधीच परकी झाले होते.

अशा वेळी उपासना आली. ती नागपूरची, इथे शिकून आर्किटेक्ट झालेली. महाराष्ट्रातून आलेली बरीच बौद्ध कुटुंबं या भागात राहतात. ती दर महिन्याला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वंदनेला जमत. त्यांना हक्काचं विहार हवं होतं आणि त्यालाच जोडून मुलांसाठी अभ्यासिका. उपासनाने खोट्या छताची एक फळी काढली, टॉर्च वर मारला आणि तुळईची तासलेली कड पाहिली. मग माझ्या खांबाला हात लावून हळूच म्हणाली, "अगं, तू इथे काय करतेस?"

इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

तिने सगळ्यांच्या मागे लागून एक रविवार ठरवला. सगळ्या कुटुंबांनी माझ्यातच जमायचं, वंदना घ्यायची, चहा घ्यायचा, आणि मला घ्यायचं की हायवेजवळचं पत्र्याचं गोदाम घ्यायचं याचा निकाल तिथेच लावायचा. लोकांनी नाही म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात माझ्यावर बुलडोझर येणार होता.

सगळ्यात आधी आले धर्मराज काका. ते या मंडळींतले वडीलधारे, निवृत्त केमिकल इंजिनिअर. त्यांना मी पहिल्यापासून नको होते. दारावरची पाटी पाहून ते म्हणाले, "बगळा. वा. बकध्यान करायला उत्तम जागा आहे."

"काका, आत तर या," उपासना म्हणाली.

"येतो. पण सांगून ठेवतो, उपासना. आमच्या वस्तीत दारूचा गुत्ता होता. माझ्या बापाने दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्या रस्त्यानेसुद्धा तो गेला नाही, लांबून वळसा घालायचा. आणि मी इथे बसून पंचशीलातलं सुरा-मेरय वर्ज्य म्हणू?"

"ही अमेरिकेत आली तेव्हा फक्त सूप आणि चहा विकायची, काका. दारूबंदी होती."

"आणि बंदी उठल्यावर?"

उपासनाने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

हळूहळू गाड्या लागल्या आणि माणसं येऊ लागली. शैलजा मावशी आल्या, त्या नांदेडकडच्या, आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता मुलीकडे राहतात. त्यांच्याबरोबर त्यांची नात आन्या होती, इथेच जन्मलेली.

"आजी, इट्स सो क्रुकेड," आन्या माझ्याकडे पाहत म्हणाली. "इज इट सेफ?"

मावशी माझ्या भिंतीपाशी गेल्या. चुना जिथे उडाला होता तिथे विणलेल्या काटक्या दिसत होत्या. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. "अगं बाई, कूड आहे हा. आमचं घर असंच होतं. दर वर्षी आई लिंपायची आणि आम्ही मधेमधे हात उमटवायचो." मग नातीला म्हणाल्या, "सेफ आहे. फक्त दर वर्षी लिंपायला आई हवी."

व्यवस्था रवीकडे होती. रवी म्हणजे कामाचा, धावपळीचा मुलगा, सगळ्यांची सोय पाहणारा. एका खोलीत सगळे मावत नव्हते, म्हणून त्याने दोन भाग केले. "सीनिअर्स आणि फॅमिलीज राइट साइडने या, तिकडे कार्पेट आहे, गुडघ्यांना त्रास नको. स्टुडंट्स आणि किचनवाले लेफ्टने, तिकडे शूज काढायला जागा आहे." कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मावशींच्या हातात चिवड्याचा डबा होता, म्हणून त्या डाव्या दाराने आत आल्या.

वंदना झाली. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो उजवीकडे होता. डावीकडच्यांना काचेतून नुसत्या सावल्या दिसत होत्या, पण त्यांनी पलीकडच्या आवाजात आवाज मिसळला. मला बरं वाटलं. माझ्या लाकडांना असे सूर नवे होते.

मग चहा. रवी काउंटरच्या आत उभा राहून दोन्ही खिडक्यांतून चहा देत होता. चिनी मातीचे कप उजवीकडे गेले आणि तिथेच संपले. म्हणून डावीकडे तो कागदी पेले देऊ लागला. पेला पातळ, चहा गरम, हात भाजू नये म्हणून त्याने मावशींना पेला खाली ठेवायला सांगितला आणि किटली उंच धरून वरून चहा ओतला.

मावशींनी पेल्याला हात लावला नाही.

"घ्या ना मावशी, गार होईल."

"रवी, मला इथून का रे देतोस?"

"तिकडे जागा नाहीये ना. आणि कप संपले."

"कप संपले." मावशींनी मान हलवली. "आमच्या गावचा हॉटेलवाला पण हेच म्हणायचा. कप संपले म्हणून तुमचे बाहेर ठेवलेत. बाहेर कोनाड्यात असायचे, कान तुटलेले. आपणच धुवायचे, खाली ठेवायचे आणि तो वरून ओतायचा. आत कोण बसलंय ते काचेतून असंच दिसायचं, नुसतं हलताना."

रवीने किटली खाली ठेवली. "मावशी, मी... आय स्वेअर, माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं."

"बट आजी, नोबडी मेन्ट इट," आन्या म्हणाली.

"हो गं राणी. कोणी मुद्दाम केलं नाही. म्हणूनच मला भीती वाटली."

पलीकडे कुजबुज सुरू झाली. काय झालं, कुणी काय म्हटलं, काचेतून कुणालाच कुणाचं तोंड दिसेना. तेव्हा मावशींनी आवाज चढवला. "आधी सगळे या बाजूला या. मग बोलू."

आणि मित्रांनो, सगळे आले. गालिच्यावरून उठून, बाहेर रस्त्यावर जाऊन, डाव्या दाराने आत आले. दाटीवाटीने, कुणी खिडकीत, कुणी जिन्यावर, कुणी कुणाच्या मांडीवर. धर्मराज काका दारात अडकले होते, त्यांना दोघांनी आत ओढलं.

"बघ उपासना," काका धापा टाकत म्हणाले. "मी काय म्हणत होतो? दोष या घरातच आहे. आपली पोरं, आपली शिकलेली पोरं, इथे पाऊल टाकलं आणि दोन दारं करून मोकळी झाली. पाडू दे मालकाला ते. गोदाम बरं, चार भिंती आणि एक दार."

उपासना पार्टिशनला टेकून उभी होती. गेले कित्येक आठवडे ती ज्याला त्याला सांगत होती, की असं काम अख्ख्या अमेरिकेत दुसरं सापडणार नाही, याला कुणी हात लावायचा नाही. तिने काचेतल्या एका बगळ्यावरून बोट फिरवलं. मग ती स्टुलावर चढली आणि खोट्या छताच्या आणखी फळ्या काढल्या. धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

"ही तुळई बघा. हिची कड तासलेली आहे, दिसतंय? ती रेषा कुठे थांबते?"

"पलीकडे गेलीये," कुणीतरी म्हणालं.

"पार्टिशनच्या वरून सरळ पलीकडे जाते. शेवटचं वळण थेट शेकोटीपाशी आहे. ज्यांनी ही बांधली त्यांनी एकच खोली बांधली होती. त्यांच्या कामात एक खिळा नाही. पार्टिशन मात्र खिळ्यांनी ठोकलंय, आणि त्याच्यावर कसलाच भार नाही." ती स्टुलावरून खाली उतरली. "काढलं तर हिला काही होणार नाही. मी काढते."

मला ते ऐकताना आठवलं, की पूर्वी उन्हाळ्याच्या दुपारी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझ्यातून वारा वाहत असे.

"ते ठीक आहे," काका म्हणाले. "पण दारूचं काय? ही जन्माने पबच ना?"

तेव्हा शैलजा मावशी म्हणाल्या, "धर्मराजभाऊ, कुठे जन्मली, आधी काय करायची, हे विचारून तिला बाहेर ठेवायचं का? हे असं विचारणारे लोक आपण दोघांनी पाहिलेत."

काकांनी चष्मा काढला आणि त्यावरची धूळ पुसली.

"मावशी, ती जात झाली. हा धंदा आहे. जात सोडू देत नाहीत. धंदा सोडता येतो."

"मग सोडू द्या ना तिला."

काका बराच वेळ तुळईकडे पाहत राहिले. मित्रांनो, मला इतके जण पाहून गेले, पण आपला निकाल ज्याच्या हातात आहे असा माणूस वर पाहतो तेव्हा कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी ते म्हणाले, "लाकूड चांगलं आहे." मग थोड्या वेळाने, "पंचशील आपण घेतो. भिंती कुठे घेतात. हात वर करा, कोण कोण तयार आहे." आणि दाटीत आपला हात मोकळा करून त्यांनीच आधी वर केला.

पार्टिशन काढायला उपासना तीन शनिवार राबली. पहिला खिळा तिने स्वतः उपटला, तो सहज येईना. काचेला एकही तडा तिने जाऊ दिला नाही. त्या महोगनीच्या फळ्या आडव्या केल्या, त्यांना पाय लावले, वर ती कोरीव काच बसवली, आणि अभ्यासिकेची दोन लांब टेबलं झाली. ती काच उभी होती तेव्हा तिच्यामुळे माणसं एकमेकांना दिसत नसत. आता तिच्या दोन्ही बाजूंना मुलं समोरासमोर बसतात आणि गणितात अडली की पेन्सिलीने बगळे गिरवतात. काउंटरवर ग्रंथ आहेत. पिंपांच्या तळघरात सतरंज्या आहेत. शेकोटीच्या कट्ट्यावर बसायला अजूनही भांडणं होतात. भिंती लिंपायचा दिवस वर्षातून एकदा असतो, तेव्हा सगळ्यांचे कपडे खराब होतात आणि आन्या कोपऱ्यात हात उमटवते. काका तुळईला जवसाचं तेल लावतात. शिडीवर चढू नका म्हणून सगळे ओरडतात, ते ऐकत नाहीत. अजूनही कधी कधी ते मला "काय गं बगळे" म्हणतात.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठेतरी माझ्यासारखी एखादी म्हातारी उभी असेल. तिच्या छपरातून पाणी गळत असेल तर वेळेवर सांगा. तिच्या वाकडेपणाला हसू नका, तिच्याजवळ जाऊन वर पाहा, ज्यांनी तिला उभं केलं त्यांच्या हातांच्या खुणा तिथे दिसतील. आणि तिच्यातलं काय राखायचं, काय काढायचं, हे ठरवायची वेळ आली, तर एकच करा. फक्त मोठ्या दाराने आत जाऊन ठरवू नका. जे दार कामकऱ्यांचं होतं, त्या दारानेही एकदा आत जा, तिथे जमिनीवर बसा आणि तिथून घर कसं दिसतं ते बघा. मग जे ठरवाल ते तिला मान्य असेल.